पोलिसांनी बोलावलं, घरी आले, उचलून नेलं: लोक नेमके कुठे चुकतात (या चुका टाळा)

तालुक्याच्या कोर्टाच्या गेटसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. मी वकील नाही हे आधीच सांगतो, पण रिमांडचे (म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे उभं करून त्याची कोठडी मागण्याचे) कागद, जामीन अर्ज, जामीनदारांची प्रतिज्ञापत्रं रोज माझ्या हाताखालून जातात, आणि सकाळी अकराच्या सुमारास जी माणसं घामाघूम होऊन काउंटरला येतात त्यांचं एक वाक्य आता मला पाठ झालंय. "भाऊ, कालपासून नेलंय, अटक नाही म्हणतात, नुसतं चौकशीला बसवलंय म्हणतात."

सगळ्यात महागात पडणारी चूक ह्याच वाक्यात आहे म्हणून इथूनच सुरू करतो.

"अटक नाही हो, फक्त ताब्यात घेतलंय"

पेपरात रोज छापून येतं, अमुक इसमास पोलिसांनी ताब्यात घेतले, नंतर दोन दिवसांनी बातमी येते की अटक केली, त्यामुळे लोकांना वाटतं की अटकेच्या अलीकडे एक वेगळी पायरी असते आणि त्या पायरीवर माणसाला हवं तेवढं बसवून ठेवता येतं. तशी पायरी कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएस आली, कलमांचे नंबर बदलले (आताच्या ३५(३) च्या नोटिशीला आमच्याकडचे जुने वकील अजूनही जुन्या नंबराने ४१-अ च म्हणतात, आणि मीही आधी तेच टाईप करतो मग खोडतो), पण चोवीस तासांचा नियम तोच आहे. संविधानाचं कलम २२ आणि बीएनएसएसचं कलम ५८, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं, रविवार असो नाहीतर दिवाळी. गुन्हा घडू नये म्हणून आधीच उचललं, ते कलम १७०, तिथेही चोवीस तासच.

आता हे चोवीस तास मोजायचे कुठून? कागदावर अटकेची जी वेळ टाकलीय तिथून नाही. मुंबई हायकोर्टाने १९९० मध्येच सांगून ठेवलंय की माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन आलं त्या क्षणापासून अटक धरायची. पण ते बंधन कधी आलं हे तुम्ही दाखवणार कसं? इथे लोक मार खातात. "सकाळीच नेलं साहेब" एवढंच तोंडी सांगतात, आणि समोर अटक फॉर्मवर छापील रकान्यात रात्रीची वेळ असते.

मागच्या वर्षी एक गृहस्थ आले होते, पोराला सकाळी नेलेलं आणि अटक फॉर्मवर वेळ २०.४०. पोरगं हुशार होतं, ठाण्याच्या आवारात गाडीतून उतरताना त्याने बहिणीला व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन टाकलेलं, वेळ सकाळी ९.५२. त्याचे स्क्रीनशॉट मीच कलर प्रिंट काढून दिले, तीन पानं झाली, वकिलाने ती रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे ठेवली आणि तो मुद्दा आदेशात लिहून घेतला गेला. पोलिसांनी पाच दिवसांची कस्टडी मागितली होती ती एकच दिवस मिळाली. वेळेमुळेच एक दिवस झाला असं मी म्हणणार नाही, पण तो कागद नसता तर बोलायला काहीच नव्हतं. म्हणून घरातल्या कोणालाही नेलं तर पहिलं काम, वेळ लिहा, गाडीचा नंबर लिहा, कुठलं ठाणं ते विचारा, आणि नातेवाइकांना मेसेज करा म्हणजे वेळ आपोआप पडते. ठाण्यात सीसीटीव्ही ठेवायचा आदेश सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये दिलाय, त्याचं फुटेज जपून ठेवावं असा अर्ज वकिलाकडून लगेच टाका, महिनाभराने आठवण होऊन उपयोग नाही.

आणि माणूस ठाण्यात आहे हेच कबूल करत नसतील तर दोन दिवस चहाच्या टपरीवर वाट बघत बसू नका. कलम १०० खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून बेकायदा डांबलेल्या माणसाच्या शोधाचं वॉरंट मागता येतं, मोठं प्रकरण असेल तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका.

हातात आलेला कागद न वाचणं

माझ्याकडे लोक नोटीस घेऊन येतात आणि विचारतात, "ह्याला उत्तर काय द्यायचं?" मी विचारतो कलम काय लिहिलंय, तर बघितलेलंच नसतं! घाबरून घडी घालून खिशात. अहो सगळा खेळ त्या एका आकड्यात आहे.

कलम १७९ लिहिलं असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय. ही नोटीस लेखीच पाहिजे, आणि बाई असेल, पंधराच्या आतलं पोर असेल, साठीच्या पुढचा पुरुष असेल, अपंग किंवा फार आजारी माणूस असेल तर त्याला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी येऊन जबाब घ्यायचा. हे माहीत नसल्यामुळे आमच्याकडे सत्तरीच्या आज्या ठाण्याच्या बाकड्यावर चार-चार तास बसलेल्या बघितल्यात मी.

कलम ३५(३) लिहिलं असेल तर मात्र बोट तुमच्याकडे आहे, म्हणजे संशयित किंवा आरोपी म्हणून बोलावलंय पण सध्या अटकेची गरज वाटत नाही असा त्याचा अर्थ. ही नोटीस खरं तर तुमच्या फायद्याची आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, अटक का गरजेची ते पोलिसांनी लिहून दाखवायचं, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात ठणकावून सांगितलं तेव्हापासून ह्या नोटिशीला वजन आलंय. तुम्ही नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर नवीन कारण लिहून काढल्याशिवाय अटक करता येत नाही, आणि हजर राहिला नाहीत तर तुम्हीच त्यांना कारण दिलं. पण लोक काय करतात, नोटीस आली की मामाच्या गावाला निघून जातात फोन बंद करून! ह्याच्याइतकी वाईट चाल नाही. तब्येत बरी नसेल, लग्नकार्य असेल तर लेखी कळवा, पुढची तारीख मागा, पोच घ्या. ही नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही असंही सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय, तरी मेसेज आलाच तर दुर्लक्ष करून बसू नका, वकिलाला दाखवा.

तिसरा कागद म्हणजे कलम ९४, वस्तू किंवा कागदपत्रं हजर करा. दुकानदारांना हा सारखा येतो, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यासाठी. डीव्हीआर तसाच उचलून देऊ नका, पत्र मागा आणि काय दिलं, त्यावर सिरीयल नंबर काय, ते लिहून सही-शिक्क्याची पोच घ्या. माझ्या शेजारच्या हॉटेलवाल्याने विश्वासावर दिला, परत मिळायची वाट बघत त्याची आता तिसरी दिवाळी.

कोऱ्या कागदावर सही

नाही म्हणजे नाही. पण ह्यात लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि कुठल्याच कागदावर सही करत नाहीत, तेही चूक. साक्षीदाराच्या पोलीस जबाबावर सही लागतच नाही, कलम १८१ तसंच सांगतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, फक्त त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. त्यामुळे "कबूल कर, सोडून देतो" ह्या वाक्यावर विसंबून पंचांसमोर वस्तू काढून देण्याचं निवेदन करणारे अडकतात, कारण तोच चालणारा भाग असतो. अटकेचा मेमो मात्र कामाचा कागद आहे, त्यावर घरच्यांपैकी किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि अटक झालेल्याचीही. सही करा, पण आधी वेळ वाचा. वेळ चुकीची असेल तर सहीखाली स्वतःच्या हाताने खरी वेळ लिहा.

आणि मेमो वेगळा, अटकेची कारणं वेगळी. मेमोवर नुसता गुन्हा नंबर आणि कलमं असतात. का अटक केली, तुमचा नेमका काय रोल आहे, ते लेखी आणि तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं, आणि तो निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच केसमधला आहे, वरळीच्या गाजलेल्या हिट अँड रनचा. लगेच देता आलं नाही तर तोंडी सांगायचं, पण रिमांडला उभं करायच्या कमीत कमी दोन तास आधी लेखी हातात पाहिजे. घरचे लोक कोर्टात आले की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, कारणांचा कागद मिळाला का, किती वाजता मिळाला. दहातल्या नऊ जणांना तो प्रश्नच कळत नाही.

झडतीच्या वेळी दारात आडवं होणं

पोलीस वॉरंटशिवाय आले म्हणजे झडती बेकायदा, हे डोक्यातून काढा. तपास अधिकारी तातडीच्या वेळी कलम १८५ खाली वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो, फक्त त्याने कारणं आधी लिहायची आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. दार अडवलं, हात धरला, की सरकारी कामात अडथळा आणि हल्ल्याचं कलम वर लागतं (जुन्या आयपीसीचं ३५३, आता भारतीय न्याय संहिता म्हणजे बीएनएसचं १३२), म्हणजे मूळ केस राहते बाजूला आणि घरातले अजून दोघं आत.

अडवू नका, बघत राहा. परिसरातले दोन स्वतंत्र पंच पाहिजेत, घरात राहणाऱ्याला झडतीच्या वेळी हजर राहायचा हक्क आहे, सापडलेल्या वस्तूंची यादी तिथेच करायची आणि तिची प्रत तुम्हाला द्यायची. नवीन कायद्यात कलम १०५ ने झडतीचं मोबाईलवर चित्रीकरण करायचंच आहे, यादी बनवून सह्या होईपर्यंत. "साहेब, शूटिंग चालू आहे ना?" एवढं शांतपणे विचारा, वेळ बघून ठेवा. पंचनाम्यात सोन्याचं वर्णन "पिवळ्या धातूची चेन" असं येतं त्याने घाबरू नका, ती लिहायची पद्धतच आहे, पण वजन लिहिलंय का ते बघा. मोबाईल घेतला तर आयएमईआय नंबर लिहायला लावा, खोका घरात असतोच त्याच्यावर नंबर असतो. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, ह्यात कुठलीही सवलत नाही.

स्वतः मोबाईलवर शूटिंग करण्याबद्दल सारखं विचारतात. ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून सरकारी गुपितांचा कायदा (ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट) लावलेल्या एका केसमध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही. बरोबर आहे. पण साहेबांच्या तोंडापाशी फोन नेऊन "व्हायरल करतो बघा" म्हणणं वेगळं, त्याने भांडण वाढतं आणि फोन जातो.

बायकांच्या बाबतीत

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक नाही. अगदीच अपवादाची परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. "ताई, दहा मिनिटांचं काम आहे, गाडीत बसा" असं रात्री दहाला कोणी म्हणालं तर सकाळी वकिलाबरोबर येते म्हणून सांगा, आवाज न चढवता. साठीच्या पुढच्या किंवा अशक्त माणसाला तीन वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही, हे जाता जाता.

व्हिडिओ कॉलवरची अटक

डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यात नाहीच. वर्दीतला माणूस, मागे बोर्ड, "तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही", सगळं खोटं. फोन कट करा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३०.

मॅजिस्ट्रेटपुढे गप्प राहणं

रिमांडला साहेब विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? पोरं मान खाली घालून "नाही" म्हणतात, कारण ज्यांनी मारलं ते शेजारीच उभे असतात आणि परत त्यांच्याचबरोबर जायचं असतं. मग आदेशात एक ओळ टाईप होते, वाईट वागणुकीची तक्रार नाही, आणि ती ओळ केस संपेपर्यंत पाठ सोडत नाही. लागलं असेल तर तिथेच शर्ट वर करून दाखवायचं, मेडिकल परत करून मागायचं. डॉक्टरने तपासताना काय लागलंय ते अंदाजे वेळेसकट लिहायचं असतं, तिथेही बोला. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवून ठेवता येत नाही एवढंच. वकील लावायला पैसे नाहीत हे तर कारणच नको, कस्टडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, हेल्पलाईन १५१००.

जामीन झाला आणि कागद नाहीत

हे तर मी दर शुक्रवारी बघतो. गुन्हा जामीनपात्र असेल तर ठाण्यातच जामीन घेता येतो, तो हक्क आहे, कोर्टापर्यंत यायचं कामच नाही. अजामीनपात्र असेल तर वकील इकडे अर्जावर बोलत असतो आणि घरचे वीस जण आवारात नुसते उभे असतात, त्यातल्या एकालाही जामीनदाराचे कागद गोळा करायचं सुचत नाही. मग साडेचारला जामीन मंजूर होतो आणि धावपळ सुरू, सातबारा आहे तर जुना, घरपट्टीची पावती काकाच्या नावावर आणि काका पंढरपूरला, आधारवरचं नाव वेगळं आणि रेशनकार्डावरचं वेगळं, ऐपतीचा दाखला तहसीलमधून आणायचा तर तिथला बाबू निघून गेलेला. साडेपाचला माझ्याकडे येऊन प्रतिज्ञापत्र टाईप करा म्हणतात, मी करून देतो, पण ते घेणारं काउंटर बंद झालेलं असतं. अशा वेळी वकिलाला सांगून तात्पुरता रोख जामीन मागायचा, बऱ्याचदा मिळतो, आणि जामीनदार आणायला मुदतही मिळते. नाहीतर पोरगं सोमवारपर्यंत आतच.

आणि हो, पासपोर्ट साईजचे फोटो आणा चार. माझ्या दुकानात फोटो निघत नाहीत.