जुनी इंजेक्शनची गाडी सुरू होत नाही? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

सेल्फ मारला आणि नुसतं ‘टक्’ झालं, ही एक तक्रार. सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही दुसरी. दोन्हींची कारणं क्वचितच एकमेकांना शिवतात. तरीही पेट्रोल पंप बदलून झाल्यावर कळतं की बिघाड बॅटरीच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू इंजिन-बॉडीशी जोडणाऱ्या पट्टीत, होता. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: इंजिनाला नेमकं काय मिळत नाहीये ते न बघता काय बदलायचं ते ठरवून टाकणं.

इंजिनाला पेट्रोल, ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब लागतो, आणि तेही वेळच्या वेळी. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल आणि ठिणगी आपापल्या वाटेने यायचे. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत दोन्ही ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, हुकमावर चालतात, आणि इंजिन फिरतंय असा सिग्नल क्रँक सेन्सरकडून (काही जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरमधून) आल्याशिवाय ईसीयू हुकूम देत नाही. त्यामुळे हा एक सेन्सर गेला की पंप, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) आणि कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) तिन्ही एकदम मेल्यासारखे वाटतात. ठिणगीही नाही आणि इंजेक्टरही उडत नाही, असं दिसलं तर पंपाच्या मागे लागू नका. आधी हा सिग्नल बघा.

चावी थेट सेल्फपर्यंत नेणं

बहुतेक जण चावी एका झटक्यात शेवटपर्यंत फिरवतात आणि तपासणीतला सगळ्यात सोपा भाग हुकतो. रेडिओ, पंखा बंद करा. चावी ‘ऑन’वर आणून थांबा. चेक इंजिनचा दिवा लागायला हवा. तो लागलाच नाही तर बल्ब उडाला असेल किंवा ईसीयूला वीजच पोचत नसेल. म्हणजे आधी फ्यूज आणि मेन रिले (ईसीयूला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच). मागच्या सीटखालून किंवा टाकीजवळून साधारण दोन सेकंद पंपाची घुरघुर ऐकू यायला हवी. मात्र हा नियम सगळ्यांना लागू नाही: एल-जेट्रॉनिकसारख्या जुन्या इंजेक्शन यंत्रणांत इंजिन फिरायला लागल्यावरच पंप चालतो, तिथे शांतता म्हणजे बिघाड नव्हे.

मग सेल्फ मारा आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. इंजिन फिरताना काटा थोडासा हलला तर क्रँकचा सिग्नल बहुधा येतोय. अजिबात हलला नाही तर संशय सेन्सरवर किंवा इग्निशनवर. ही खूण सगळ्या मॉडेलांत चालत नाही, पण फुकटात मिळते.

चावीचं चिन्ह असलेला दिवा लुकलुकत असेल, किंवा गाडी सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल, तर इमोबिलायझर आठवा, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा. दुसरी चावी लावून बघा, आणि चावीच्या जुडग्यातली दुसरी चिपची चावी बाजूला काढा.

दिवे लागतात म्हणजे बॅटरी ठीक आहे असं समजणं

दिव्याला लागणारा करंट आणि सेल्फला लागणारा करंट यांची तुलनाच नको. भरलेली, निवांत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. पण खरी परीक्षा सेल्फ चालू असताना. तेव्हा व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि टर्मिनल. इंजेक्शनच्या गाडीत इथे एक फसवणूक होते: सेल्फ रडतखडत फिरतो, पण तेवढ्यात व्होल्टेज इतकं पडतं की ईसीयूच झोपतो. इंजिन फिरतं, ठिणगी नाही, आणि शिक्का बसतो कॉइलवर.

जुन्या गाडीत अर्थिंगची पट्टी तपासायला विसरू नका. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या बरंच वर रीडिंग गेलं तर वाटेत गंज आहे. वरून चकचकीत टर्मिनलही आतून काळा निघतो, म्हणून नुसतं बघून सोडू नका. आणि जंप देताना ट्रकची २४ व्होल्टची बॅटरी कधीही लावू नका.

कार्बोरेटरच्या सवयी

सेल्फ मारण्याआधी अॅक्सिलरेटर दाबून-सोडून काही मिळत नाही. इंजेक्शनमध्ये तो हवेची झडप उघडतो, पेट्रोल टाकत नाही. उलट, गाडी ओव्हर झाली असेल, म्हणजे प्लग ओले आणि पेट्रोलचा वास, तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि मग सेल्फ मारा. बऱ्याच ईसीयूंत अशा वेळी इंजेक्टर बंद होतात आणि सिलिंडर कोरडे होतात. अॅक्सिलरेटर किंचित दाबल्यावरच सुरू होत असेल तर दोष पेट्रोलचा नसून हवेचा असण्याची शक्यता जास्त: थ्रॉटल बॉडीवरचा (हवेची झडप असलेल्या भागावरचा) काजळीचा थर किंवा अडकलेला आयडल व्हॉल्व्ह (अॅक्सिलरेटर न दाबता लागणारी हवा सोडणारा).

प्लगची वायर काढून ठिणगी हवेत उडवून बघणं बंद करा. वायर मोकळी राहिली की कॉइलचा हाय व्होल्टेज वाट शोधत इग्निशन मॉड्यूल जाळू शकतो. ठिणगी बघायचा टेस्टर स्वस्त असतो, तो इंजिनला नीट अर्थ करून वापरा. आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, तेही बघा.

आणि सलग सेल्फ मारत राहणं. दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. धक्का मारून सुरू करायचा मोहही टाळा: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साचतं. सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका, एकसारखा सरसर फिरल्यासारखा आला तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो, आणि काही इंजिनांत पुढचा प्रत्येक फेरा व्हॉल्व्हवर जातो. तेलाचं झाकण काढून, सेल्फ मारताना कॅमशाफ्ट फिरतो का ते दिसत असेल तर एका क्षणात निकाल लागतो.

थंड की गरम, हे न विचारणं

मला विचाराल तर पन्नास प्रश्नांपेक्षा हा एक प्रश्न मोलाचा. रात्रभर उभी राहिल्यावर त्रास देते, की गरम असताना बंद करून दहा मिनिटांनी?

सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, मग दिवसभर ठीक. अशा वेळी चावी ऑन-ऑफ दोन-तीनदा करून, दर वेळी पंप थांबेपर्यंत थांबून सेल्फ मारा. लगेच पकडली तर लाइनमधला दाब रात्रीतून उतरतोय: पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा), प्रेशर रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून पाहा, आत पेट्रोल निघालं तर त्याचा पडदा फाटला आहे. यात नवा पंप घेणारे बरेच असतात.

कूलंटच्या तापमानाचा सेन्सर हा दुसरा छुपा गुन्हेगार. थंडीत त्याचा रेझिस्टन्स जास्त, गरम झाल्यावर कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. वायर तुटली तर ईसीयूला वाटतं इंजिन बर्फासारखं थंड आहे, आणि तो गरम इंजिनातही पेट्रोल ओतत राहतो. नव्या मॉडेलांत ईसीयू हे ओळखून ठरलेला आकडा धरतो. जुन्यांत तेवढी अक्कल नसते.

गरम झाल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते? क्रँक सेन्सर, इग्निशन मॉड्यूल, किंवा तडा गेलेल्या सोल्डरचा मेन रिले. बंद पडलेली असतानाच ठिणगी आणि पंप तपासा. गॅरेजपर्यंत ओढून नेईस्तोवर ती बरी झालेली असते. क्रँक सेन्सर दोन वायरचा असेल तर ओहममध्ये मोजता येतो. हॉल प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला तीन वायरचा, तसा मोजू नका.

कोड नाही म्हणजे दोष नाही

ईसीयू सापडलेला दोष कोडच्या रूपात साठवतो. ते स्कॅनरने वाचायची ठरावीक पद्धत, ओबीडी-२, अमेरिकेत १९९६ पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांत कनेक्टरच्या दोन पिना जोडल्या की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. पिना कुठल्या, ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघा. बॅटरी काढण्याआधी कोड वाचून घ्या, कारण जुन्या ईसीयूतून ते तेवढ्याने पुसले जातात. कमी दाबाचा पंप किंवा चोंदलेला फिल्टर मात्र जुन्या ईसीयूला दिसतच नाही. तिथे प्रेशर गेजच लागतो. मल्टिपॉइंट पेट्रोल इंजेक्शनमध्ये (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) दाब साधारण अडीच ते साडेतीन बार. गेज लावण्याआधी पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारा आणि लाइन रिकामी करा, नाहीतर पेट्रोल फवाऱ्यासारखं अंगावर येतं.

रिलेचा संशय असेल तर नवा आणण्याआधी हॉर्नचा त्याच नंबरचा रिले काढून लावून बघा. पेट्रोलचा काटा खोटं बोलत असू शकतो, टाकीत पाच लिटर ओतून बघा. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत धडक बसल्यावर पंप तोडणारा स्विच असतो. खड्ड्यातल्या दणक्यानेही तो उडतो आणि बटण दाबलं की परत बसतो.

ईसीयू मात्र सगळ्यात शेवटी. त्याला वीज आणि अर्थ मिळत असूनही चेक इंजिनचा दिवा लागत नसेल, तर सेन्सरांना जाणारं ५ व्होल्ट मोजा. ते खाली बसलं असेल तर सेन्सरांचे प्लग एकेक करून काढत जा, दर वेळी चावी बंद करून. ज्याचा प्लग काढल्यावर दिवा लागतो, तो सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट आहे.