विद्यापीठाच्या शेतावर माती आणि जैवविविधतेच्या नोंदी घेताना या चुका टाळा

विद्यापीठाच्या शेतावर माती आणि जैवविविधतेच्या नोंदी घेण्याचे अर्धवेळ काम मिळाले, की विद्यार्थ्याच्या हाती सहसा एक गिरमिट (माती काढण्याचे अवजार), पिशव्या, नोंदवही आणि आधीच्या विद्यार्थ्याने जाता जाता सांगितलेल्या चार सूचना येतात. बहुतेक चुकांचे मूळ या तोंडी सूचनांतच असते. एखादे मोजमाप चुकले तर ते बऱ्याचदा पुन्हा घेता येते. पण पद्धत नकळत बदलली आणि तो बदल कुठेच लिहिला गेला नाही, तर पुढच्या वर्षी मातीत खरोखर फरक पडला आहे की केवळ मोजणारा बदलला आहे, हे ओळखण्याचा मार्ग उरत नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात १८७६ पासून सुरू असलेल्या ‘मॉरो प्लॉट्स’ या प्रयोगशेतावर सावली पडू नये म्हणून शेजारचे ग्रंथालय जमिनीखाली बांधण्यात आले. परिस्थिती वर्षानुवर्षे सारखी राखण्यासाठी एवढा खटाटोप होत असताना आपण नमुन्याची खोलीसुद्धा लिहू नये, हे बरे नव्हे.

मातीचा नमुना

पहिली चूक सोयीच्या जागेची. पायवाटेलगत, बांधाजवळ, झाडाखाली, शेणखताचा ढीग पडलेल्या ठिकाणी किंवा नुकतेच खत दिलेल्या ओळीत घेतलेला नमुना त्या शेताबद्दल फारसे सांगत नाही. नागमोडी चालत दहा ते पंधरा ठिकाणची माती घ्यावी, स्वच्छ बादलीत एकत्र करावी आणि चौथाई पद्धतीने समोरासमोरचे दोन भाग काढून टाकत ती सुमारे अर्धा किलोवर आणावी.

दुसरी चूक खोलीची आहे. ती अधिक घातक असते, कारण ती चुकीसारखी दिसतच नाही. ठरलेली खोली १५ सेंटिमीटर असते. परंतु कोरड्या हंगामात जमीन कडक झाली की हात दहावरच थांबतो. सेंद्रिय कर्ब सहसा वरच्या थरात जास्त असल्याने अशा नमुन्यात त्याचे प्रमाण वाढलेले दिसते आणि शेत सुधारल्याचा आनंद विनाकारण साजरा होतो. गिरमिटावर १५ सेंटिमीटरची खूण रंगाने करून ठेवावी आणि तेथपर्यंत पोहोचता आले नाही, तर प्रत्यक्ष गाठलेली खोली नोंदवहीत लिहावी. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील, तर जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा गंजलेले अवजार वापरू नये, अन्यथा जस्त आणि लोह मातीतले की अवजाराचे, हा प्रश्न उभा राहतो. नमुना सावलीत वाळवावा. नायट्रेट किंवा सूक्ष्मजीव तपासायचे असल्यास मात्र तो वाळवत न ठेवता थंड पेटीतून लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावा.

स्थूल घनतेचा, म्हणजे ठरावीक आकारमानात किती कोरडी माती आहे हे पाहण्याचा, नमुना घेताना लोखंडी कडे जोराने ठोकले, की आतली माती दबते आणि घनता वाढीव येते. जमिनीतील कर्बाचा साठा काढताना हाच आकडा गुणाकारात जातो. कर्ब १ टक्का, खोली १५ सेंटिमीटर आणि घनता दर घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम असेल, तर साठा हेक्टरी १९.५ टन येतो. घनता चुकून १.५ धरली तर तोच २२.५ टन होतो. म्हणजे जमिनीत कणभरही कर्ब न वाढता कागदावर तीन टन वाढतो. कडे बाहेर काढण्यापूर्वी आतल्या आणि बाहेरच्या मातीची पातळी डोळ्यांनी ताडून पाहावी. आतली पातळी खाली गेलेली दिसली, तर तो नमुना टाकून शेजारी दुसरा घ्यावा.

मातीची आम्लता, म्हणजे सामू (पीएच), मोजणाऱ्या सामूमापकाचा काटा स्थिरावत नसेल, तर दोष मातीला देण्यापूर्वी इलेक्ट्रोड पाहावा. बहुतेक वेळा तो कोरडा राहिलेला असतो. काही तास पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवून, दोन प्रमाणित द्रावणांवर पुन्हा जुळवणी करून मगच वाचन घ्यावे. माती आणि पाण्याचे प्रमाण १:२.५ ठरलेले असेल, तर ते घाईत १:५ करू नये. एकाच मातीचा सामू त्याने बदललेला दिसतो.

जीवांची मोजणी

कीटकांसाठी सापळा म्हणून जमिनीत पुरलेल्या पेल्याची कड जमिनीच्या अगदी पातळीत असावी लागते. ती किंचित जरी वर राहिली, तरी भुंगेरे कडेपाशी येऊन वळसा घालून निघून जातात. पेला पुरताना उकरलेल्या मातीमुळे सुरुवातीचे काही दिवस सापडणारे कीटक नेहमीपेक्षा जास्त असू शकतात. म्हणून पेले पुरल्यावर सुमारे आठवडाभर झाकून ठेवावेत आणि मोजणी नंतर सुरू करावी. शिवाय या सापळ्यातील संख्येत कीटक किती आहेत आणि ते किती हिंडतात, या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. उष्ण दिवशी पेला भरला म्हणून कीटक वाढले, असे लिहू नये.

गांडुळांचेही तसेच. कोरड्या दिवसांत ती खोल जातात किंवा गुंडाळी करून निपचित पडतात. तेव्हा खोदलेल्या चौकोनात ती सापडली नाहीत, म्हणजे शेतात नाहीत असे होत नाही. मोजणी दरवर्षी ओलाव्याच्या त्याच काळात करावी आणि खड्ड्याचे माप बदलू नये.

फुलपाखरांसाठी ठरलेल्या वाटेने चालत मोजण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९७६ पासून राष्ट्रीय पातळीवर वापरली जाते. तिच्यात दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्याच कक्षेतील फुलपाखरे धरतात. विद्यार्थ्यांची चूक नेमकी येथे होते : दूरवर एखादे देखणे फुलपाखरू दिसले, की ते यादीत घालण्याचा मोह आवरत नाही. ते टिपायचेच असेल, तर वेगळ्या रकान्यात टिपावे. पक्षी मोजण्याची सकाळची फेरी परीक्षेमुळे दुपारी ढकलली, तर त्यांची संख्या घसरलेली दिसेल. म्हणून वेळ, वारा आणि ढग यांच्या नोंदीशिवाय फेरी पूर्ण झाली असे मानू नये.

संख्या अचानक कोसळली, तर सर्वांत आधी शेतावर काम करणाऱ्या माणसांना विचारावे. फवारणी कधी झाली, गवत कधी कापले, पाणी कधी सोडले, हे त्यांना तोंडपाठ असते आणि बहुतेक कोड्यांचे उत्तर तेथेच मिळते. माझ्या मते या कामांची तारीखवार नोंद हा निरीक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

नोंदवही

काही दिसले नाही तर ‘०’ लिहावे. फेरीच झाली नसेल तर ‘फेरी नाही’ असे लिहावे. रकाना कोरा सोडला, की या दोन अगदी भिन्न गोष्टी एक होतात आणि सहा महिन्यांनी त्या लिहिणाऱ्यालाही वेगळ्या करता येत नाहीत. तारखेत महिना अक्षरांत लिहावा, कारण ०४/०५ हे संगणकाच्या मांडणीनुसार एप्रिलमध्येही जाऊ शकते आणि मेमध्येही. पिशवीवर शाईने लिहिलेला क्रमांक ओलाव्याने पुसतो. आत आणि बाहेर अशा दोन चिठ्ठ्या शिसपेन्सिलने लिहून ठेवाव्यात. ओळख पटली नाही, तर अंदाजाने प्रजातीचे नाव न घालता कुळापर्यंतच थांबावे आणि छायाचित्राचा क्रमांक द्यावा.

काम दुसऱ्याकडे सोपवताना केवळ वही देऊ नये. निदान दोन फेऱ्या दोघांनी बरोबर कराव्यात, मोजणी वेगवेगळी लिहावी आणि दोघांच्या आकड्यांतला फरक वहीत नोंदवावा. झालेली चूक नंतर लक्षात आली, तर जुना आकडा खोडरबराने पुसू नये. त्यावर एकच रेघ मारावी, शेजारी नवा आकडा, कारण, तारीख आणि सही घालावी. आकडा दुरुस्तच करता येत नसेल, तर तो आहे तसा ठेवून पुढच्या रकान्यात ‘संशयित’ एवढेच लिहावे.