निवाऱ्यातल्या प्राण्यांची बातमी व्हावी म्हणून

‘आमच्याकडे खूप कुत्री आहेत, मदत करा’ अशा पोस्टवरून लोक बोट सरकवून पुढे जातात. त्यापेक्षा एकच प्राणी निवडा. जमिनीवर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, सकाळच्या उन्हात फोटो काढा. पिंजऱ्याचे गज मध्ये नकोत. मोबाइल उभा धरून छोटा व्हिडिओ घ्या: भाकरीचा वास आल्यावर तो शेपटी कशी हलवतो, एवढंसुद्धा पुरतं. खाली नाव, अंदाजे वय, लसीकरण, नसबंदी आणि स्वभाव लिहा. ‘लहान मुलांत रमतो, मांजर दिसलं की भुंकतो’ हे खरं सांगितलेलं बरं, नाहीतर दत्तक दिलेलं जनावर परत येतं आणि त्याचे फार हाल होतात.

वर्तमानपत्रांना निमित्त लागतं. संक्रांतीला मांजाने कापलेले पक्षी, दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेली कुत्री, ४ ऑक्टोबरचा जागतिक प्राणी दिन. त्या दिवशी सकाळी फोन करून उपयोग नाही. चार-पाच दिवस आधी जिल्हा आवृत्तीच्या बातमीदाराला गाठा, अर्ध्या पानाचा मजकूर आणि दोन-तीन स्पष्ट फोटो द्या. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, असा पक्का तपशील दिलात तर बातमीला वजन येतं.

रक्तबंबाळ फोटो टाळा, लोक नजर फिरवतात. निवाऱ्याचा नेमका पत्ताही जाहीर करू नका. रात्री फाटकाशी पिल्लांची खोकी सोडून जाणारे असतात. फोन नंबर द्या, आणि तो उचलायला माणूस ठेवा.