शाळेतले सेवा-उपक्रम: या चुका टाळा

२० डिसेंबरला आपल्याकडच्या शाळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय येतं, हे सांगायला नको. गाडगेबाबांची पुण्यतिथी, पहिली-दुसरीच्या मुलांच्या हातात कोरे खराटे, मागे बॅनर. फोटो निघाला की खराटे परत कपाटामागे. बाबा गावात शिरले की आधी झाडायला लागायचे, कीर्तन रात्री. आपण भाषण आधी उरकतो आणि झाडतो फोटोपुरतं. सहा-सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात मग एवढंच राहतं की सेवा म्हणजे रांगेत उभं राहणं.

वर्गातल्याच मुलाला 'गरजू' ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वह्यावाटपाचा कार्यक्रम असतो, पाहुणे असतात, माइकवर नावं पुकारली जातात. ज्याच्या बापानं आत्महत्या केली त्याचं नाव आधी, तेही 'आत्महत्याग्रस्त कुटुंबातील विद्यार्थी' या बिरुदासकट. यवतमाळ, अमरावतीकडच्या शाळांत असं मूल वर्गात असतं, हे आपल्याला माहीत आहे. टाळ्या वाजतात, आणि दुसऱ्या दिवसापासून डब्याच्या पंगतीत बाकीची पोरं त्याच्याकडे निराळ्या नजरेनं बघू लागतात. करुणा शिकवायला गेलो आणि कीव शिकवून बसलो.

द्यायचंच असेल तर वर्गात एक पेटी ठेवा. पेन्सिली, खोडरबर, अर्ध्या वापरलेल्या वह्या. लागेल त्यानं घ्यावं, उरेल त्यानं टाकावं. कोणी काय घेतलं याची नोंद नको, देखरेखीला मॉनिटरही नको. 'घरून मूठभर धान्य आणा' हा उपक्रमही जपूनच करा. रिकाम्या हातानं आलेलं पोर अख्ख्या वर्गाला दिसतं.

झाडणं ही शिक्षा, आणि झाडणं हीच सेवा

सोमवारी उशिरा आला म्हणून पटांगण झाडायला लावलं, शनिवारी तेच काम 'श्रमदान' म्हणून. मुलांना हा घोळ बरोबर कळतो. त्यात मुली झाडणार, मुलं सतरंज्या उचलणार. पाळीचा तक्ता लावा, त्यात शिक्षकांचीही नावं घाला. पालक येऊन म्हणतात, "पोट्टं शिकाले पाठोलं का झाडाले?" यावर चिडू नका. ज्यांच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या जातीवरून लादलं गेलं, त्यांना ते संस्कार वाटावं अशी अपेक्षा धरणंच चूक आहे. त्यांना तक्ता दाखवा, आणि तुमच्या पाळीच्या दिवशी बोलवा.

दूरचा वृद्धाश्रम, जवळची आजी

टेम्पो करून तालुक्याला जायचं, केळी वाटायची, गाणं म्हणून परत यायचं. एवढ्या खर्चाची गरज नसते. पोरगा पुण्याला, सून त्याच्यासोबत, अशी एकटी आजी शाळेमागच्या गल्लीतच असते. मात्र आधी तुम्ही एकटे जाऊन तिला विचारून या. मग दोघं-तिघं मुलं, दर आठवड्याला तीच. काम हाताला झेपेल असं द्या: सुईत दोरा ओवून देणं, नळ आला की लहान बादलीनं माठ भरणं, शेंगा सोलणं. पहिल्याच दिवशी एक आजी म्हणाली, "मले पानी नोको बापू, इथं बसा जराखं." तेही कामच. बसू द्या.

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन मुलं घरोघर फिरतातच. त्या दारी नक्की न्या. ती बोजारा देईल, मग तो रुपया असो की मूठभर मुरमुरे, आणि मुलांनी तो घ्यावा. घेणारा नेहमी एकच असला की मुलं स्वतःला मोठं समजू लागतात.

चॉकलेट, स्टार, 'सेवाभावी विद्यार्थी' प्रमाणपत्र टाळा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जर्मनीत २० महिन्यांच्या बाळांना मदत केल्याबद्दल खेळणं दिलं गेलं. बक्षीस मिळालेली बाळं पुढे कमी मदत करू लागली. नुसतं कौतुक झालेली किंवा काहीच न मिळालेली बाळं मात्र करत राहिली.

अडलं तर

आजीचा थरथरता हात पाहून मुलं हसली, तर तिच्यासमोर रागावू नका. मुलं नवं काही दिसलं की हसतात. शाळेत आल्यावर विचारा, "तो हात घेऊन ती भाकर कशी थापत असेल?" उत्तर तुम्ही देऊ नका.

जुलैत लावलेलं रोप एप्रिलमध्ये वाळतं आणि मुलं हिरमुसतात. पारा ४५ वर, शाळा सकाळची, मग सुटी, आणि आपल्याकडे विदर्भात शाळा उघडते जूनच्या अखेरीला. तेव्हा रोपं पाचच लावा, तीही कुंपणाला लागून घर असलेल्या मुलांच्या नावावर. पाखरांच्या पाण्याचं मातीचं भांडंही त्यांच्याच ओट्यावर ठेवा. ते रोज भरायचं आणि शेवाळ धरलं की घासायचं, हे मे महिन्यात घरच्यांच्याही कानावर घालून ठेवा.