तीनला जाग येते? गोळी मागण्याआधी या चुका टाळा

सकाळी शटर वर गेलं की पहिल्या दहा गिऱ्हाइकांत एकजण तरी लाल डोळ्यांनी उभा असतो. "रात्री तीनला जाग येते हो, मग झोपच नाही. एखादी हलकी गोळी द्या." कऱ्हाडात औषधाच्या दुकानात उभा राहून मला २२ वर्षं झाली. गोळीचं नंतर बघू म्हणतो आणि आधी विचारतो, "झोपता कधी?"

"नऊला."

मग नऊ ते तीन सहा तास झाले की! साठी ओलांडलेल्या माणसाची झोप बऱ्याचदा तेवढ्यातच होते. शरीराने काम चोख केलंय आणि आपण त्याच्यावर औषध मागतोय.

झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत येते. गाढ झोप पहिल्या फेऱ्यांत उरकते, पहाटेकडची विरळ असते. मधे क्षणभर जाग सगळ्यांनाच येते, सकाळी ती आठवत नाही इतकंच. जाग आल्यावर पुन्हा डोळा लागला नाही की मग दुखणं सुरू होतं. आणि त्यावर लोक काय करतात? दुसऱ्या दिवशी साडेआठलाच अंथरूण घालतात, दुपारी दोन तास ताणून देतात, रविवारी नऊपर्यंत लोळतात. म्हणजे सहा तासांची झोप दहा तासांवर पसरवायची, आणि ती विरली म्हणून रडायचं.

करायचं याच्या उलट. आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली सहकाऱ्यांबरोबर हीच पद्धत मांडली: झोप जेवढी लागते साधारण तेवढाच वेळ अंथरुणात, आणि उठायची वेळ पक्की. मी स्वतः रात्र कशीही गेली तरी साडेपाचला उठतो आणि अकराच्या आत आडवा होत नाही. पहिला आठवडा वाईट जातो, दिवसा डुलक्या येतात, म्हणून गाडी चालवणाऱ्यांनी आणि फिट येणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. बाकीच्यांनी निदान तीन आठवडे द्यावेत. पण तिसऱ्याच दिवशी "काही फरक नाही हो" म्हणत काउंटरवर हजर! तीन दिवसांत भाकरी थापायलासुद्धा येत नाही.

दुसरी चूक आमच्याच घरातली. अण्णा, माझे वडील, वय ७४. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचे. प्रोस्टेटच असणार, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. सोनोग्राफी केली, वयाच्या मानाने ठीक. साखर तपासली, ठीक. मी शहाणपणाने त्यांचं संध्याकाळी सहानंतरचं पाणी बंद केलं. तरी तेच. एकदा अंधारात बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळले, कोपर सोलवटलं. दोन महिने असे गेले.

मग एका रात्री दुकान बंद करून घरी आलो, तर अण्णा ताटावरून उठून गोळ्यांचा डबा उघडून बसलेले. तळहातावर बीपीच्या गोळीशेजारी छोटी पांढरी गोळी.

"अण्णा, ही सकाळची ना?"

"सकाळी घेतली की एसटीत पंचाईत होते रे. साताऱ्यापर्यंत गाडी कुठं थांबवायला सांगू?"

पायांची सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनी दिलेली पाणी काढायची गोळी होती ती, फ्युरोसेमाइड. हिचा जोर सुमारे सहा तास राहतो. साडेनऊला घेतली की साडेतीनपर्यंत बाथरूमच्या फेऱ्या. त्या स्ट्रिपवर 'सकाळी' असं निळ्या पेनने मीच लिहिलं होतं. रोज शंभर लोकांना वेळा समजावणारा माणूस, घरचा डबा कधी उघडून पाहिला नव्हता.

डॉक्टरांना विचारलं. आता साताऱ्याला जायचं असेल त्या दिवशी परत आल्यावर दुपारी तीनला, एरवी सकाळी नाश्त्यानंतर. अण्णा हल्ली एकदाच उठतात. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि रात्री लघवी होऊन बाहेर पडतं, म्हणून संध्याकाळी तासभर पाय स्टुलावर ठेवून बातम्या बघायची सवयही त्यांना लावली. गोळीची वेळ मात्र कोणी मनाने बदलू नका. अण्णांनी बदलली, त्याचाच हा सगळा घोळ.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असू शकतं. 'थोडी घेतली' की झोप लागते खरी, पण मध्यरात्रीनंतर दारू उतरते तशी झोपही उतरते. दहाला पिठलं-भाकरी-ठेचा आणि सव्वादहाला आडवं, मग दोनला घशाशी आंबट येणारच. मधे दोन-तीन तास जाऊ द्या, कुशीवर झोपायचं तर डाव्या. सर्दीची गोळी झोपेसाठी घेऊ नका, म्हाताऱ्या माणसांची तर त्याने लघवीही अडू शकते.

आणि घड्याळ! तीनला जाग आली की लोक मोबाइल उचलतात आणि हिशेब मांडतात: आता लागली तरी अडीच तास, आता दोनच. हिशेब करताना कुणाला झोप लागलेली मी पाहिलेली नाही. आमच्या खोलीतलं घड्याळ मी भिंतीकडे तोंड करून ठेवतो. वीसेक मिनिटं तळमळ झालीसं वाटलं की उठतो, स्वयंपाकघरात ओट्याखालचा बारका दिवा लावतो आणि ताटात तांदूळ घेऊन निवडत बसतो. खडे हल्ली निघत नाहीत. पण वाटीभर होईतो मान डुलायला लागते, मगच अंथरुणाकडे जातो. बायको म्हणते, तांदूळ निवडून निवडून झिजले.

अल्प्राझोलम, झोल्पिडेम मागायला येणाऱ्यांना मी चिठ्ठीशिवाय देत नाही. या झोप आणणाऱ्या गोळ्या शेड्यूल एच-वनमधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतल्या. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. "ओळखीचे आहात, द्या की" म्हणणाऱ्यांचा राग येतो, कारण घोरणाऱ्याच्या झोपेत श्वास अडकत असेल, तर अशा गोळीने तो आणखी अडकू शकतो. गुदमरून जाग येणं, सकाळी तोंड कोरडं, डोकं जड, दिवसा बसल्या जागी पेंग, असं असेल तर झोपेची तपासणी करून घ्यायला हवी. पण हे विचारलं की पुरुष मंडळी ठामपणे सांगतात, "छे, मी घोरत नाही." म्हणून मी आता म्हणतो, उद्या या, आणि येताना वहिनींना घेऊन या.