जुन्या गाडीला तिच्या काळाची चाके आणि टायर कसे निवडावेत

यवतमाळ, वाशीम, अमरावती या जिल्ह्यांतल्या गावांमधून फिरताना वाड्याच्या ढेलजेत किंवा कापसाच्या कोठाराशेजारी टिनाच्या शेडखाली उभी असलेली एखादी अ‍ॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी किंवा जीप अजूनही दिसते. आजोबांनी घेतलेली ती गाडी नातू पुन्हा रस्त्यावर आणायला निघतो, तेव्हा इंजिन, रंग आणि सीटचे कापड यांवर महिनोन्महिने विचार होतो. चाकांचा निर्णय मात्र टायरच्या दुकानात उभ्या उभ्या, जो माल समोर असेल त्यावरून होतो. गाडीचे रूप बिघडते ते बहुधा इथेच. जुन्या गाडीचा काळ तिच्या चाकांच्या उंचीत आणि अरुंदपणात असतो. रिमची नक्षी किंवा व्हीलकपची चकाकी यांचा क्रम त्यानंतरचा आहे. म्हणून आधी टायरची उंची ठरवावी, मग रुंदी, मग रिम, आणि दिसण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

ही गोष्ट मी चूक करून शिकलो. आमच्या १९७४ सालच्या अ‍ॅम्बॅसडरला मी पहिल्यांदा १९५/६५ आर १५ मापाचे टायर लावले, कारण पंधरा इंची रिमसाठी ते लगेच मिळत होते. गाडी बुटकी दिसू लागली, मडगार्डच्या कमानीत चाक हरवून गेले, उभ्या गाडीचे स्टिअरिंग वळवताना दोन्ही हातांचा जोर लागू लागला, आणि पहिल्याच पावसाळ्यात शेतरस्त्यावरची काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी घट्ट बसली की ती सळईने कोरून काढावी लागली. वर्षभरात ते टायर मी उतरवले.

सुरुवात आपली गाडी नेमकी कोणत्या सालची आहे आणि ती कोणत्या सालाच्या रूपात ठेवायची आहे, हे ठरवण्यापासून करावी. नोंदणीपुस्तकातले साल, कारखान्याचे माहितीपुस्तक आणि घरातल्या लग्नाच्या वगैरे जुन्या छायाचित्रांत दिसणारी गाडी, हे तिन्ही पुरावे एकत्र पाहावेत. त्याहूनही विश्वासाचा साक्षीदार म्हणजे डिक्कीतली स्टेपनी. चारही चाके वर्षानुवर्षांत बदलली गेली असली, तरी स्टेपनीची रिम अनेकदा मूळची राहिलेली असते. तिच्या मागच्या बाजूचा गंज आणि वरचे रंगाचे थर हलक्या हाताने घासले, तर चाकांचा कारखान्यातला रंग सापडू शकतो. या शोधाला कायद्याच्या बाजूनेही अर्थ आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न केलेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू शकते. त्यामुळे नवी चाके घेतली तरी मूळ रिमा भंगारात देऊ नयेत. त्या घासून, तेल लावून, कोरड्या जागी ठेवाव्यात.

आता मापाकडे वळू. अ‍ॅम्बॅसडरचा जुना टायर ५.९०-१५, पद्मिनीचा ५.२०-१४ आणि जीपचा ६.००-१६ या मापाचा असतो. यातला पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा रिमचा व्यास. उंचीचा आकडा या मापात दिलेलाच नसतो, आणि फसगत होते ती याच ठिकाणी. त्या काळच्या या मोटारींच्या टायरांची बाजू जवळजवळ रुंदीइतकीच, ढोबळमानाने ९५ टक्के, उंच असते. त्या हिशेबाने ५.९०-१५ चा एकूण व्यास सुमारे ६६५ मिलिमीटर आणि ५.२०-१४ चा सुमारे ६०७ मिलिमीटर येतो. आजच्या टायरच्या मापात, उदाहरणार्थ १९५/६५ आर १५ मध्ये, पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत सांगतो. त्याचे गणित सोपे आहे: रुंदीला टक्केवारीने गुणायचे, दुप्पट करायचे आणि त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवायचा, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. मी लावलेला १९५/६५ आर १५ या हिशेबाने सुमारे ६३५ मिलिमीटरचा होता, म्हणजे व्यासात ३० मिलिमीटर कमी. गाडी १५ मिलिमीटर खाली बसली, आणि मीटरवर ६० दिसत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे ५७ राहिला. उलट १७५/८० आर १५ या मापाचा व्यास ६६१ मिलिमीटर येतो, आणि तो मूळ मापाच्या अगदी जवळ आहे. पद्मिनीसाठी १५५/८० आर १४ म्हणजे ६०४ आणि १६५/८० आर १४ म्हणजे ६२० मिलिमीटर. १७५/६५ आर १४ मात्र ५८३ वर येतो आणि गाडीचा तोल डोळ्यांना लगेच खटकतो. मूळ व्यासापासून दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये, हे माझे मोजमाप आहे. शक्य असेल तर जुना टायर हवा भरून भिंतीला टेकवावा आणि प्रत्यक्ष उंची मोजून घ्यावी, कारण एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर थोडे वेगळे निघतात. आपल्या भागात बोलेरो पुष्कळ असल्यामुळे २१५/७५ आर १५ हा टायर कुठेही मिळतो, आणि तो अ‍ॅम्बॅसडरला सुचवलाही जातो. तो ७०३ मिलिमीटर उंच आणि मूळ टायरपेक्षा अडीच इंचांहून रुंद आहे, म्हणून त्याला स्पष्ट नकार द्यावा.

टायर नायलॉनचा घ्यावा की रेडियल, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. आपल्याकडे ज्याला नायलॉन टायर म्हणतात, त्यात दोऱ्याचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे सरळ जातात आणि पृष्ठभागाखाली वेगळा पट्टा असतो. मिशेलिनने रेडियलचे पेटंट १९४६ मध्ये घेतले आणि १९४९ मध्ये तो बाजारात आणला, तरी आपल्या अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी दीर्घकाळ नायलॉनवरच धावल्या, आणि त्यांचे स्टिअरिंग व सस्पेन्शन नायलॉन टायर गृहीत धरूनच बनले होते. फक्त प्रदर्शनासाठी, पोळ्याच्या किंवा लग्नाच्या दिवशी आणि गावातल्या गावात गाडी काढायची असेल, तर नायलॉनच घ्यावा. त्याची फुगीर, उंच बाजू आणि सरळ खाचांची नक्षी दुसऱ्या कशानेही साधत नाही. यवतमाळहून नागपूरला महामार्गाने नेहमी जायचे असेल, तर मात्र उंच बाजूचा अरुंद रेडियल घ्यावा, कारण ओल्या रस्त्यावर त्याची पकड आणि सरळ धाव निश्चित चांगली असते. जे काही घ्याल ते चारही चाकांना एकच घ्यावे. विशेषतः पुढे रेडियल आणि मागे नायलॉन असे कधीही करू नये. वळणावर पुढची चाके पकड धरून ठेवतात, मागची आधी सुटतात आणि गाडी फिरते.

रेडियल घेण्याआधी रिम तपासणे गरजेचे आहे. रेडियलची पकड जास्त असल्यामुळे वळणावर रिमवर येणारा ताणही जास्त असतो, आणि पन्नास वर्षांच्या पत्र्याला नटांच्या छिद्रांभोवती किंवा मधली तबकडी रिमच्या कड्याला जिथे जोडलेली असते तिथे बारीक चिरा गेलेल्या असू शकतात. रंग पूर्ण काढून, चांगल्या उजेडात दोन्ही बाजूंनी पाहावे. चीर दिसल्यास वेल्डिंग करून ती रिम वापरू नये. कडेला आलेला साधा बाक मात्र जाणकार माणूस ठोकून सरळ करू शकतो. अशा वेळी चाक जॅकवर फिरवून आणि जवळ एक तार स्थिर धरून डुगडुग किती राहिली ते पाहावे.

दुसरी रिम विकत घ्यायची असेल, तर चार मापे वहीत लिहून न्यावीत. पहिले माप नटांच्या वर्तुळाच्या व्यासाचे. चार छिद्रे असतील तर समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर हाच व्यास होय. पाच छिद्रे असतील तर शेजारच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणावे. जीपच्या चाकावर हे अंतर सुमारे ८२ मिलिमीटर भरते आणि व्यास १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच येतो. दुसरे माप रिमच्या रुंदीचे, आणि ते टायरच्या कडा जिथे बसतात त्या आतल्या बाजूने घ्यावे. बाहेरून मोजल्यास माप जास्त येते. १९५/६५ मापाच्या टायरला किमान साडेपाच इंची रिम लागते, आणि या जुन्या अरुंद रिमवर तो चढवला की बाजू फुगते आणि मधला भागच झिजतो. तिसरे माप रिमच्या खोलीचे: रिमच्या मागच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून तिथपासून हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मूळ रिमइतकेच असावे. ते कमी भरले तर चाक बाहेर येते, स्टिअरिंग जड होते, आणि बेअरिंग व किंग पिन (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते ती) यांच्यावर नको तो भार पडतो. चौथी गोष्ट नटाच्या बैठकीची. शंकूसारखा नट, गोलसर नट आणि सपाट वॉशरचा नट यांची अदलाबदल चालत नाही. हाताला घट्ट लागलेला चुकीचा नट चालत्या गाडीत सुटतो.

जीपवाल्यांनी दोन गोष्टी जिवाच्या पातळीवर सांभाळाव्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या काही जीपगाड्यांना दोन तुकडे बोल्टने जोडलेल्या रिमा असतात, आणि त्या दिसायला सुंदरच असतात. परंतु हवा पूर्ण काढून, वॉल्व्हची सुई बाहेर घेतल्याशिवाय त्या जोडाच्या बोल्टांना पाना लावू नये, कारण भरलेल्या टायरची हवा रिमचा तुकडा माणसाच्या अंगावर फेकते. दुसरी गोष्ट खास आपल्या शेतीच्या मुलखातली आहे. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायरही अनेकदा ६.००-१६ मापाचा असतो, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी तो मिळतो, आणि जीपच्या रिमवर तो व्यवस्थित बसतो. पण तो शेतातल्या वेगासाठी बनलेला असतो. त्याच्या बाजूवर 'ए६' किंवा 'ए८' असे चिन्ह दिसले, तर त्याची मर्यादा अनुक्रमे ताशी ३० आणि ४० किलोमीटर आहे असे समजावे. डांबरी रस्त्यावर ६० च्या वेगाने तो जीपला वापरणे धोक्याचे आहे. टायरच्या बंडीला किंवा ट्रॉलीला लावलेल्या जुन्या रिमाही कोणी मूळच्या म्हणून विकायला आणतो. वर्षानुवर्षे ओझे वाहिलेल्या त्या रिमांची नटाची छिद्रे लंबगोल झाली आहेत का, हे आधी पाहावे.

आता रूपाकडे. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या आपल्या गाड्यांचे खरे रूप म्हणजे रंगवलेली लोखंडी रिम आणि मध्ये क्रोमचा छोटा व्हीलकप. मला तेच सर्वांत देखणे वाटते, आणि ते सर्वांत स्वस्तही पडते. तारांची चाके त्या काळच्या परदेशी स्पोर्ट्स गाड्यांना शोभतात. पद्मिनीला ती लावली की गाडी आपली ओळख हरवते, शिवाय तारांच्या छिद्रांमुळे त्यांना ट्यूब लागतेच आणि तारा वेळोवेळी ताणाव्या लागतात. अलॉयची, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या रिमची हौस असेल, तर आठ जाड दांड्यांची, १९६० च्या दशकातल्या मिनिलाइट नावाच्या चाकांच्या धाटणीची रिम, तीही मूळ व्यासाचीच, एवढी मुभा मी देईन. मात्र लोखंडी रिम खड्ड्यात वाकते आणि गावातही सरळ होते, ओतीव अलॉय तडकते, हे आपल्या रस्त्यांवर विसरून चालत नाही. पांढऱ्या पट्ट्याचे टायर सुरुवातीच्या अ‍ॅम्बॅसडरला आणि फियाट ११०० ला खुलतात, पण पट्टा टायरमध्येच घडवलेला असावा. वरून फासलेला रंग बाजू दबताच तडकतो, आणि वेगळ्या चकतीखाली मुरमाची धूळ शिरून टायरची बाजू घासली जाते.

जुन्या रिमांच्या बैठकीला टायरची कड अडवून धरणारा उंचवटा बहुधा नसतो, त्यामुळे हवा कमी झाल्यावर ट्यूबलेस टायर वळणावर रिमवरून सरकू शकतो. अशा रिमवर ट्यूब वापरावी, टायर रेडियल असेल तर रेडियलसाठीचीच ट्यूब घ्यावी, आणि टायरच्या आतले कागदी स्टिकर काढून शंखजिऱ्याची पूड टाकावी. बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात ट्यूबचे पंक्चर काढणारा प्रत्येक फाट्यावर भेटतो, हा फायदाही आहेच.

टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचावेत: '३६२४' म्हणजे २०२४ चा ३६ वा आठवडा. कमी खपाच्या मापांचा माल दुकानात वर्षानुवर्षे पडून राहतो, आणि ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात टिनाखाली ठेवलेले रबर न वापरताही कडक होते. खाच कितीही खोल असली, तरी बाजूवर बारीक भेगा दिसल्या की तो टायर घेऊ नये. बाजूवरचा भारांकही पाहावा. ८२ म्हणजे प्रत्येक टायरला ४७५ किलो आणि ८८ म्हणजे ५६० किलो. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजावी. साधारण साडेपाच अंश तापमान वाढले की दाब एक पौंडाने चढतो, म्हणून दुपारी वाढलेला दाब पाहून हवा सोडली तर दुसऱ्या सकाळी टायर नरम सापडतो.

चारही चाके बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून, मागे चार माणसे बसवून, टायर कुठे घासतो का ते पाहावे. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये दोन बोटे सहज जातील एवढी जागा काळ्या मातीसाठी राखावी. त्यानंतर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट एकदा सावकाश चढून उतरावा. त्या वळणांवर कुठलेही घासणे ऐकू येते, आणि उतरल्यावर ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेला की उष्णतेवरून नव्या रिममुळे ब्रेकला हवा कमी मिळते आहे का तेही कळते. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सर्व नट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळावेत, कारण नव्या रंगाचा थर दबून ते सैल होतात. आणि नव्या रिमांना वेगळे नट लागत असतील, तर स्टेपनीच्या मूळ रिमचे जुने नट एका पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधून ठेवावेत.