तांबटाचं कृष्णधवल व्यक्तिचित्र: काम चालू असताना

पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत काढलेले रंगीत फोटो कृष्णधवल केले की बहुतेकांची एकाच ठिकाणी निराशा होते: झळाळणारं तांबं कारागिराच्या हातातच मिसळून जातं. तांबं आणि आपली गव्हाळ-सावळी कातडी, दोन्ही नारिंगी छटेत मोडतात. एडिटिंगमध्ये ऑरेंज स्लायडर वर नेला की भांड्यासोबत चेहराही उजळतो, खाली आणला की दोन्ही काळवंडतात. लाल फिल्टरनेही तेच होतं. म्हणून चेहरा आणि धातू वेगळे दिसायला हवेत तर ते फोटो काढतानाच साधावं लागतं.

आधी कामाचा टप्पा निवडा. ठोकून कडक झालेलं तांबं नरम करण्यासाठी भट्टीत तापवतात, तेव्हा त्यावर काळी पापडी धरते. अशा वेळी भांडं चेहऱ्यापेक्षा स्पष्ट गडद येतं, फोटो सोपा होतो. ॲसिडने किंवा चिंचेने धुतल्यावर मात्र ते गुलाबी, कातडीच्या जवळचं होतं. मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून पृष्ठभागावर खळगे उठवणं, सुरू झालं की प्रत्येक ठोक्याचा खळगा दाराचा उजेड स्वतःत पकडतो. सर्वांत देखणा टप्पा हाच, आणि सर्वांत अवघडही.

मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड मोजणं, भांड्यावर करू नका, चेहरा काळा पडेल. स्पॉट मीटर (फक्त एका छोट्या ठिपक्यातला उजेड मोजणारा) गालाच्या उजेडाकडच्या बाजूवर धरा आणि सावळ्या कातडीसाठी एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). नाहीतर मीटर तिला राखाडी करून टाकतो. खळग्यांतले बारीक ठिपके पांढरे फुटले तर फुटू द्या, ती धातूची चमक आहे. मोठा पांढरा पट्टा दिसला तर एक्स्पोजर न बदलता अर्धं पाऊल बाजूला सरका. प्रतिबिंब कोनावर ठरतं, पट्टा जागा सोडतो.

उजेडासाठी दार पुरतं. कारागिराच्या एका बाजूला दार येईल असे बसा. हो, बसाच, कारण ते जमिनीवर बसून काम करतात आणि उभ्याने काढलेल्या फोटोत टाळू आणि खांदेच येतात. लेन्स त्यांच्या छातीच्या उंचीवर ठेवा. नजर सतत ठोक्यावर खिळलेली असल्याने डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. समोर जमिनीवर पांढरं कापड किंवा दोन फुटी थर्माकोल टाकलं की उजेड खालून वर जातो. फ्लॅश नको: तांब्यात त्याचा ठिपका दिसतो आणि हातोडा चालवणाऱ्याचे डोळे दिपणं धोक्याचं आहे.

शटरची सुरुवात १/५० सेकंदापासून करा, ॲपर्चर एफ/२.८, आयएसओ १६००, लेन्स ३५ किंवा ५० मिमी. १/५०० ला हातोडा हवेत गोठतो, कुणी नुसता धरून बसल्यासारखा. १/१५ ला ठोक्याचा हादरा खांद्यातून मानेत जातो आणि चेहराच हलतो. १/५० ला हातोड्याची रेघ ओढली जाते, डोळे स्थिर राहतात. शिवाय ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या ट्यूबलाइटचे पट्टेही येत नाहीत. बटण हातोडा वर पोचताना दाबा. तिथे क्षणभर त्याची गती मंदावते, म्हणून त्याचा आकार ओळखू येतो. काही ठोक्यांनंतर कारागीर भांडं फिरवून उजेडाकडे धरतात आणि घाट तपासतात. खरं व्यक्तिचित्र बहुधा तिथेच मिळतं. त्या क्षणासाठी फोकस आधीच डोळ्यांवर ठेवा.

कल्हई चालू असेल तर नवसागर टाकताच पांढरा धूर उठतो. मागून उजेड आणि मागे काळी भिंत असेल तरच तो दिसतो. तो छातीत जाऊ देऊ नका, वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा.

फिल्मवर काढायचं तर एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म आयएसओ १६०० धरून वापरा आणि आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ (पाणी न मिसळलेल्या) द्रावणात २० अंश सेल्सिअसला १४ मिनिटं डेव्हलप करा. उन्हाळ्यात नळाचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, तेव्हा फिल्म डेव्हलप करायच्या डब्याभोवती बर्फाचं पाणी हवंच. नाहीतर निगेटिव्ह जास्त दाट होते आणि तांब्याची चमक सपाट पांढरी छापली जाते.

कॅमेरा काढण्याआधी परवानगी घ्या, कानात बोळे घाला आणि थोडा वेळ नुसते बसून कामाची लय पाहा. कुणाला हात थांबवून पोझ द्यायला लावू नका. थांबलेला प्रत्येक ठोका म्हणजे त्यांच्या मजुरीचा वेळ. फोटो पसंत पडला तर ८ बाय १० चा प्रिंट मॅट कागदावर काढून द्या. दुकानात धूर-काजळी असते, तेव्हा फ्रेम काचेची असावी.